भात, गोळी आणि बूट

बाळा,

भात सोडायचा, पोळी एकीवर आणायची आणि पहाटे उठून रवींद्र सरोवराला फेऱ्या मारायच्या म्हणतोस, असं तुझ्या आईकडून कळलं. ऐकून बरं वाटलं आणि लगेच काळजीही लागली. बरं अशासाठी, की एवढ्या लवकर मधुमेह निघाला म्हणून तू कपाळाला हात लावून बसला नाहीस. काळजी अशासाठी, की आपल्या घराण्यात कुठलीही गोष्ट सुरू करायची ती सोमवारी, आणि सगळी एकदम. आहार बदलला, व्यायाम वाढला आणि गोळ्या मात्र जुन्याच राहिल्या, की साखर धाडकन उतरते. चढलेली साखर माणसाला वर्षानुवर्षं पोखरते. उतरलेली साखर त्याला भर रस्त्यात खाली बसवते.

मराठ्यांना थोपवायला या कोलकाता शहराने १७४२ साली खंदक खणायला घेतला होता. पुढे तो बुजवला आणि त्या वाटेवर सर्क्युलर रोड झाला. तुला थोपवायला एवढा खर्च नको, लेक मार्केटच्या कोपऱ्यावरचं मिठाईचं दुकान पुरेल. तेव्हा या गावात वर्षानुवर्षं साखर सांभाळून राहिलेल्या मावशीचे चार शब्द ऐकून घे. मी डॉक्टर नाही. औषधाचा आकडा डॉक्टरांचा, सवयींचा भाग माझा. कागद फ्रिजवर लाव. आईला मात्र फोटो पाठवू नकोस, ती त्यात तुपाचा मुद्दा घुसडेल.

आधी गोळ्यांचं बोलू. बूट नंतर.

१. ताटातला भात कमी करायच्या आधी डॉक्टरांना फोन कर, कमी करून झाल्यावर नको — तुझी गोळी जुन्या ताटाच्या मापाने दिलेली आहे. ताट लहान झालं की तीच गोळी मोठी होते.

२. आपल्या गोळ्यांची नावं पाठ कर; ‘ती पांढरी आणि ती गुलाबी’ चालायचं नाही — ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही मंडळी आणि इन्सुलिन, पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतात. नुसतं मेटफॉर्मिन सहसा तसं करत नाही. चालताना किती सावध राहायचं ते या नावांवरून ठरतं.

३. नावाच्या शेपटीला ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक घाससुद्धा कमी करू नकोस — ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. वर ताटातूनही पिष्ट गेलं तर रक्तात कीटोनची आम्लं साठू शकतात, आणि मीटरवरचा आकडा मात्र साळसूदासारखा बरा दिसतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर आकडा बघत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

४. साखर चांगली आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस — त्या चांगल्या आकड्यात भाताचा वाटा किती, चालण्याचा किती आणि गोळीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. गोळी जुनी नि ताट नवं, हिशेब विचारून मांडावा.

५. हे पत्र ऑफिसात फिरवशीलच, म्हणून लिहून ठेवते: टाइप १ वाल्यांनी, गरोदर बाईने आणि ज्यांच्या मूत्रपिंडाची तक्रार आहे त्यांनी असला आहार स्वतःहून धरू नये — त्यांचं गणित निराळं असतं. मूत्रपिंड नाजूक असेल तर भाताच्या जागी अंडी-मासे-पनीर रचणंही महागात पडतं.

६. तुझ्या पुण्याच्या मित्रांनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत पाठवली असणारच: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ती धरायची तर आधी तुझ्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेव — दोन जेवणांमधल्या लांब पोकळीत ग्लिमेपिराइड काम करत असतं, आणि नेमका तेव्हाच तू साडेचार किलोमीटरला निघालेला असतोस.

७. पिष्ट शून्यावर आणायची घाई नको — आपल्याकडे जेवणातली साठ टक्क्यांहून जास्त ऊर्जा पिष्टातून, मुख्यतः भात-गहू-साखरेतून, येते. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचा आधार घेऊन २०२२ मध्ये जो अभ्यास आला, त्यात नव्याने मधुमेह झालेल्यांना हे प्रमाण ४९ ते ५४ टक्क्यांवर आणा असं सुचवलं होतं. एवढी उतरण पहिल्या टप्प्याला भरपूर आहे, आणि निभते.

आता घराबाहेर पडण्याआधीचं. इथे तुझी चिडचिड होणार आहे, होऊ दे.

८. पहिले काही आठवडे निघण्याआधी आणि परतल्यावर बोट टोचून बघ — कोणाची साखर अर्ध्या तासात किती उतरते हे पुस्तकात नसतं, तुझ्या वहीत असतं. आकडा बघेल तो चालेल, अंदाज बांधेल तो बसेल.

९. इन्सुलिन किंवा वरच्या ओढणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि निघताना आकडा ९०च्या खाली असेल, तर आधी एक लहान केळं खा — पंधरा-वीस ग्रॅम पिष्टाने तुझा लो-कार्ब बुडत नाही, ढाकुरियाच्या पुलावर भोवळ आली तर मात्र बरंच काही बुडतं.

१०. आकडा २५०च्या वर असेल आणि अंगात कणकण, मळमळ असेल तर त्या दिवशी बूट काढून ठेव आणि डॉक्टरांना विचार — इन्सुलिन अपुरं पडलेलं असताना दामटून चालल्यावर साखर उतरायची सोडून आणखी चढते.

११. पहाटेचा उपाशीपोटीचा आकडा रात्रीपेक्षा जास्त आला तर ‘मी तर काही खाल्लंच नव्हतं’ म्हणून हवालदिल होऊ नकोस — उजाडता उजाडता यकृत आपणहून साखर सोडतं. चोरी तुझी नाही, घरातलीच आहे.

१२. खिशात ग्लुकोजची पावडर हवी, चॉकलेट नको — चॉकलेटातल्या चरबीमुळे साखर रक्तात सावकाश पोचते, आणि त्या वेळी तुला सावकाश परवडणार नसतं.

१३. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असशील तर साखर, गूळ, रसगुल्ला यांच्या भरवशावर राहू नकोस, ग्लुकोजच लागेल — ही गोळी साध्या साखरेचे तुकडे होऊ देत नाही, म्हणून ती तोंडात टाकूनही रक्तात वेळेवर पोचत नाही. आपल्याकडे ही गोळी पुष्कळांना चालू असते, पण एवढं वाक्य त्यांना सांगायचं राहून गेलेलं असतं.

१४. आकडा ७०च्या खाली दिसला की तीन-चार छोटे चमचे ग्लुकोज पाण्यातून घे, पंधरा मिनिटं बसून राहा, पुन्हा टोच. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच — बसून राहणं महत्त्वाचं, कारण ‘घर जवळच आहे, जातो चालत’ म्हणणाऱ्याचे पाय उरलीसुरली साखरही वापरून टाकतात.

१५. त्या घडीला ‘नेम मोडला’ असं मनात आणू नकोस — ते ग्लुकोज खाणं नव्हे, औषध आहे. लो-कार्बच्या भरात साखर उतरलेली असतानासुद्धा साखर नको म्हणणारी हट्टी माणसं असतात. तुझ्या काकांचं नाव मी घेत नाही.

१६. इथल्या उन्हाळ्यात घामावर भरवसा ठेवू नकोस — साखर उतरल्याची खूण म्हणून पुस्तकं घाम सांगतात, पण वैशाखात कोलकात्यात कोणाला घाम येत नाही? त्यात रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर छातीची धडधडही कळत नाही. जीभ जड वाटली, विनाकारण राग आला, बाकावरच्या माणसाचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटलं, की थांब आणि टोच.

१७. बरोबर फिरणाऱ्या एका तरी माणसाला तुझा मधुमेह सांगून ठेव, आणि बंगालीतलं एक वाक्य घोकून ठेव: ‘आमार शुगार फॉल कोरेछे’ — एवढं ऐकलं की अर्धं सरोवर धावत येतं. तेही पाठ नसेल तर गळ्यात नाहीतर पाकिटात चिठ्ठी असू दे.

१८. त्याच माणसाला हेही सांग, की मी बेशुद्ध असलो तर तोंडात काहीच घालू नका, पाणीसुद्धा नाही — मायेपोटी ओतलेलं सरबत श्वासनलिकेत जातं. तेव्हा अँब्युलन्स.

१९. चालताना छातीवर दडपण आलं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरलं, नेहमीच्या अंतराला दम लागला, तर ‘गॅस असेल’ म्हणू नकोस — मधुमेहात हृदयाचं दुखणं पुष्कळदा मुकं असतं. व्यायाम वाढवण्याआधी एकदा हृदय तपासून घ्यायला कमीपणा नाही.

आता चाल बाबा.

२०. पहिले दोन-तीन आठवडे जपून चाल, धावायचं नाव काढू नकोस — पिष्ट कमी केल्यावर पाय शिशाचे वाटतात. शरीराला चरबी जाळायची सवय व्हायला वेळ लागतो. या दिवसांत पुष्कळ जण व्यायामाला दोष देऊन घरी बसतात.

२१. सरोवराची फेरी धर, आणि बाक कुठे कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी बघून ठेव — हे तळं १९२०च्या दशकात शहर वाढवताना खणलेलं, १९५८ मध्ये त्याला रवींद्रांचं नाव मिळालं, पण जुने लोक अजून नुसतं ‘लेक’च म्हणतात. सावली आहे, माणसं आहेत, वाट सपाट आहे. नवशिक्याला याहून जास्त काय हवं? मैदान आणि व्हिक्टोरियाची बाग रविवारसाठी ठेव.

२२. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली पाहिजेत, आणि लागोपाठ दोन दिवस रजा नको — चालल्यावर स्नायू साखर जास्त ओढून घेतात तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. रविवारी दोन तास चालून आठवडाभराचं पुण्य साठत नाही.

२३. सकाळचं चालणं चुकलं तर हळहळ करू नकोस, जेवणानंतरची शतपावली मात्र चुकवू नकोस — २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी मधुमेहींना काही दिवस एकदाच अर्धा तास आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालवून पाहिलं. जेवणानंतरची साखर दुसऱ्या रीतीने जास्त उतरली, आणि सर्वांत मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं, ती नुसती अंगणात फेऱ्या मारायची आणि आम्हालाही मारायला लावायची.

२४. सेक्टर फाइव्हच्या ऑफिसातल्या त्या गुबगुबीत खुर्चीतून दर अर्ध्या तासाने ऊठ — सकाळी तासभर चालून दिवसभर बसलेल्या माणसाचे स्नायू पुन्हा झोपी जातात. पाण्याची बाटली टेबलावर ठेवूच नकोस, म्हणजे उठावंच लागेल.

२५. आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका, डंबेल किंवा रबरी पट्टे यांतलं काहीतरी कर — खाल्लेली साखर ठेवायची सर्वांत मोठी कोठी म्हणजे स्नायू. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही गेले तर कोठीच लहान होते. आहार कमी करणाऱ्याने हा मुद्दा दोनदा वाचावा.

२६. वजनं उचलल्यावर किंवा जिने धावत चढल्यावर साखर थोडी वर दिसली तर घाबरू नकोस, आणि ती उतरवायला जास्तीचं औषध तर अजिबात नको — जोराच्या व्यायामात शरीर स्वतः साखर सोडतं, आणि तास-दोन तासांत ती बसते.

२७. वजनांना हात लावण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घे, आणि शीर्षासनाचा मोहही त्या तपासणीपर्यंत आवर — मधुमेहाने पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर श्वास कोंडून जोर लावल्यावर त्या फुटतात. व्यायामशाळेतला पोरगा हे विचारत नाही, तूच विचारायचं.

२८. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं, तर झोपताना एकदा टोच — रिकामी झालेली कोठी स्नायू रात्रभर भरत असतात, म्हणून साखर पहाटे दोन-तीनला उतरू शकते. घामाने भिजून, वाईट स्वप्नातून दचकून जाग आली तर पंख्याला दोष देण्याआधी मीटर बघ.

२९. इन्सुलिन असेल तर चालायला निघण्याच्या तोंडावर ते मांडीत टोचू नकोस — चालणाऱ्या स्नायूजवळचं इन्सुलिन लवकर रक्तात जातं.

३०. पार्क स्ट्रीटवर कोणी सांगेल, ‘व्हिस्कीत कार्ब नसतात.’ खरं आहे, आणि म्हणूनच जपायचं — यकृत दारू आवरत बसलं की साखर सोडायचं काम बाजूला पडतं. दिवसभर चाललेला, कमी जेवलेला आणि वर दोन पेग घेतलेला माणूस रात्री शांत झोपलाय की साखर उतरून पडलाय, हे बायकोलासुद्धा कळत नाही.

इथल्या हवेबद्दल पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. एक ज्येष्ठ काढ, मग बोलू.

३१. एप्रिल ते जून ऊन वर यायच्या आत घरी परत ये. डिसेंबर-जानेवारीत उलट, जरा ऊन पडू दे आणि मग नीघ — उन्हाळ्यात दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. थंडीत पहाटे धूर आणि धुकं जमिनीलगत बसलेलं असतं, ते छातीत भरून आणायचं नाही.

३२. पिष्ट कमी केल्यावर पहिल्या आठवड्यांत पाणी आणि मीठ दोन्ही लघवीवाटे जास्त जातं, म्हणून तहानेची वाट न बघता पाणी पी — त्यावर घाम आणि रक्तदाबाची गोळी यांची भर पडली की उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. ती साखरेची भोवळ नसते, पण आदळायला तेवढीच पुरते. रक्तदाबाची गोळी कमी करायची का, तेही डॉक्टरांना विचार.

३३. ताक घरचं, मीठ-जिरं घातलेलं. बाहेरचं ‘घोल’ मागवलंस तर त्यात साखर असणार हे धरूनच चाल — इथे न मागता साखर घालणं हा पाहुणचार आहे. मीठ किती चालेल ते मात्र रक्तदाब बघून ठरव.

३४. ओआरएसची पुडी घरात असू दे, पण रोज फिरून आल्यावर प्यायला नव्हे — १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कोलकात्याच्याच डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे साखर-मिठाचं पाणी पाजून कॉलऱ्यातून असंख्य जीव वाचवले. ते काम करतं ते त्यातल्या ग्लुकोजमुळेच: आजच्या पुडीत लिटरला साडेतेरा ग्रॅम. जुलाबात ते अमृत. एरवी उगीचची साखर. आणि साखर उतरली असताना म्हणशील तर फारच पातळ. पंधरा ग्रॅमसाठी लिटरभराच्या वर कोण पीत बसणार?

३५. डाब, म्हणजे शहाळं, कधीतरी चालेल, पण ते पाण्यात नाही, खाण्यात मोज — गोडी जिभेला लागते म्हणजे साखर आहेच. हातगाडीवाला ‘शुगर नेई’ म्हणेल. तो डाब विकतो, रक्त तपासत नाही.

पायांचं थोडं सविस्तर सांगते, कारण माणसं साखरेच्या आकड्याला घाबरतात आणि पायाच्या फोडाला हसतात.

३६. बूट संध्याकाळी विकत घे, सकाळी नको — दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो.

३७. पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटक आणि आतून हात फिरव — पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला आतला खडा दिवसभर कळत नाही. कळतो तो मोज्यावरच्या डागाने.

३८. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कर आणि तळवे आरशात बघ — घामट हवेत बेचकीत बुरशी धरते, तिथे चीर पडते आणि चिरेतून पुढचं सगळं रामायण सुरू होतं. क्रीम टाचेला लाव, बेचकीत नको.

३९. दुर्गापूजेच्या दिवसांत नवे बूट घालून ठाकूर, म्हणजे देवीच्या मूर्ती, बघायला निघू नकोस. नवे बूट महिनाभर आधीच घरात फिरव — अष्टमीच्या रात्री माणूस गर्दीबरोबर मैलोन् मैल चालतो आणि फोड आलाय हे दशमीला कळतं. नवा बूट नि नवी वाट, दोन्ही एका दिवशी नकोत.

४०. आषाढात रस्त्यावर पाणी तुंबलं तर टाचेला भेग असताना त्यात उतरू नकोस. उतरावंच लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धू आणि कोरडे करून नीट न्याहाळ — त्या पाण्यात गटाराचं काय काय असतं ते इथली महापालिकाही सांगू शकणार नाही.

४१. अनवाणी चालणं, मग ते मंदिरातल्या तापलेल्या फरशीवर असो की सरोवराच्या दवातल्या गवतावर, तुझ्यासाठी बंद — देवळात मोजे घालून जा, देव रागवत नाही.

आता राहिलं खाणं. हेच तू आधी वाचणार होतास, म्हणून शेवटी ठेवलं.

४२. फिरून झाल्यावर कंपू कोचुरी-जिलिपीकडे वळला तर तूही वळ, पण हातात ‘चिनि छाडा लिकर’ घे, म्हणजे बिनसाखरेचा कोरा चहा — अड्डा सोडलास तर महिन्याभरात फिरणंही सुटेल. सोडायची आहे ती कोचुरी.

४३. झालमुडी हलकी लागते म्हणून फसू नकोस — मुडी म्हणजे फुगवलेला तांदूळच, आणि त्याची साखर भाताइतकीच झपाट्याने चढते. त्याऐवजी भिजवलेले छोले, काकडी, मोहरीच्या तेलाचा थेंब आणि तीच झाल मागून घे. मुडीवाला बनवून देतो, फक्त तुझ्याकडे कीव करून बघतो.

४४. ज्वारीची भाकरी ‘शुगरला चालते’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य विसर — ज्वारीच्या पिठात दोन तृतीयांश पिष्टच असतं. गव्हापेक्षा बरी म्हणून अर्धी खा. दोन खाऊन लो-कार्ब म्हणू नकोस.

४५. या गावात लो-कार्ब खाणाऱ्याची चैन आहे, ती ओळख: माछेर झोल आणि शुक्तो यांतला बटाटा बाजूला काढ, मासा आणि रस्सा घे, भापा इलिश, शुक्तो, उच्छे भाजा, दुधी, वांगं, पालक सगळं तुझंच — व्यायामानंतर स्नायूंना प्रथिनं लागतात, आणि ती कोपऱ्या-कोपऱ्यावर ताजी मिळतात. आपल्या कोकणातल्या माणसाला इथे मासा गोड्या पाण्यातला म्हणून नाक मुरडायचा रोग असतो. तो आठ दिवसांत जातो.

४६. मिठाईच्या दुकानात शिरायला निमित्तच हवं असेल तर साधा छाना आणि ‘टॉक दोई’ विकत घे — साखर न घातलेला ताजा छाना आणि आंबट दही, दोन्ही तिथेच मिळतं. मिष्टी दोईच्या मडक्यांकडे पाठ करून उभं राहायचं.

४७. १४ नोव्हेंबरला सांभाळून राहा — इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा तो जन्मदिवस, म्हणून जगभर मधुमेह दिन. आणि २०१७ मध्ये नेमक्या त्याच तारखेला बांगलार रसगुल्ल्याला भौगोलिक ओळखीचा शिक्का मिळाला, म्हणून इथे रसगुल्ला दिन. एकाच दिवशी फुकट साखर तपासणी आणि घराघरांत रसगुल्ला. आधी तपासणीला जा.

४८. सणाचा गोड घास ठरवून खा, चोरून नको: गणपतीत महाराष्ट्र निवासातला एक मोदक, पौषात एक पाटीशाप्टा, थंडीत नोलेन गुडाचा एक संदेश, आणि लगेच पंधरा मिनिटं चालणं — चोरून खाल्लेल्याचा हिशेब वहीत येत नाही, आणि मग डॉक्टर बिचारे नसलेल्या आजाराला औषध वाढवतात.

४९. ‘एकटा मिष्टी खान’, म्हणजे एक तरी मिठाई खा, म्हणणाऱ्या काकीमांना मधुमेहाचं कारण सांगू नकोस, त्या म्हणतील ‘आमारो आछे’, म्हणजे मलाही आहे, आणि दोन वाढतील. ‘आत्ताच खाऊन आलो, घरी घेऊन जातो’ म्हण — डबा घरी येतो, आणि मजल्यावर पोरं पुष्कळ आहेत.

५०. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लाव, आणि डबी स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरापाशी ठेवू नकोस — इथल्या दमट हवेने पट्ट्या खराब होतात आणि आकडे खोटे येतात. येत्या रविवारी आमच्याकडे हजरा रोडला येशीलच, तेव्हा मीटर, गोळ्यांची चिठ्ठी आणि वही घेऊन ये. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना काय काय विचारायचं त्याची यादी बसून करू. जेवायला माशाचं कालवण आणि कोबीची भाजी आहे. भात काकांपुरताच लावते.

— मावशी